सूनबाईचीं आयुधें

विद्यार्थी वर्गांत शिरला कीं मी प्रथम त्याची पाटी आणि पेन्सिलीचें टोंक पाहत असें. मुलाचा अभ्यास कसा चालला आहे हें त्याच्या तोंडावरून नेहमींच कळतें असें नाहीं. पेन्सिलीवरून पुष्कळदां कळतें. अध्यापनाच्या दिवसांतली ही खोड निवृत्तीनंतरहि सुटली नाहीं, आणि म्हणूनच आमच्या धाकट्या सूनबाईच्या मेजाकडे माझें लक्ष गेलें.

सूनबाई पुण्याच्या एका कंपनीसाठीं संगणकाच्या आज्ञावल्या लिहिते. २०२० सालच्या साथींत कचेऱ्या बंद झाल्या तेव्हां ती आणि चिरंजीव येथें कनेरगांव नाक्याला आलीं, आणि पुढें घरूनच काम करण्याची मुभा मिळाल्यामुळें येथेंच राहिलीं. हिंगोली-वाशिम रस्त्यावरचें, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचें हें आमचें गांव. येथल्या माडीवर बसून कोणी परदेशांतल्या पेढीचा हिशेब राखणारी यंत्रणा दुरुस्त करील, असें माझ्या वडिलांना सांगितलें असतें तर त्यांनीं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

मेजावर दोन पडदे आहेत. मोठा पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला, म्हणजे मान वांकत नाहीं. खुर्ची पाठीला आधार देणारी. तिच्या किमतींत पूर्वीं दुभती म्हैस आली असती, असें आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें. वीज गेली तर इन्व्हर्टर, तार तुटली तर मोबाइलचें इंटरनेट. हें सर्व पैशानें येतें, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं.

कळफलकाचें मात्र मला विशेष कौतुक वाटलें. तिचा स्वतःचा कळफलक इंग्रजी अक्षरांचा. त्याची मांडणी १८७४ सालीं बाजारांत आलेल्या टंकयंत्रापासून चालत आलेली, आणि तींत अक्षरांचा क्रम शोधूं जाणें व्यर्थ आहे. परंतु मला मराठी लिहितां यावें म्हणून तिनें 'इन्स्क्रिप्ट' नांवाची मांडणी दाखविली. १९९१ सालच्या भारतीय मानकांत ती नमूद आहे. उजव्या हाताखालीं मधल्या ओळींत क, त, च, ट, प हे अघोष वर्ण. त्यांच्या वरच्या ओळींत ग, द, ज, ड, ब हे घोष. शिफ्टची कळ दाबली कीं अल्पप्राणाचा महाप्राण होतो, क चा ख आणि ग चा घ. डाव्या हाताला स्वर: इकार-उकार ऱ्हस्व असतील तर मधल्या ओळींत, दीर्घ असतील तर तिच्या वर. प्रातिशाख्यकारांनीं कंठ-तालु-मूर्धा यांचा जो विचार केला, तो असा बोटांखालीं येईल हें कोणाच्या स्वप्नांत तरी होतें काय? मला ती मांडणी चार दिवसांत पाठ झाली. चिरंजीवांना अजून येत नाहीं, कारण त्यांनीं व्याकरण कधीं मनावर घेतलें नाहीं.

दुसरें साधन डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचें नांव गिट; लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं रचलें. आज्ञावलींतला प्रत्येक फरक कोणीं केला, कधीं केला, याची त्यांत नोंद राहते. मूळ पाठापासून शाखा काढावी, तींत प्रयोग करावा, पटला तर मूळांत मिळवावा, न पटला तर सोडून द्यावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली ती १९६६ सालीं पुरी झाली. तेथल्या पंडितांनीं शेंकडों पोथ्यांतले पाठभेद ताडून पाहिले. कारण लेखकूनें कोठें काय बदललें हें पोथी स्वतः सांगत नाहीं. गिट सांगतें.

मेजावर एक पिवळें रबराचें बदकहि आहे. आज्ञावली अडली कीं ती ओळीमागून ओळ त्या बदकाला समजावून सांगावयाची, म्हणजे चूक आपोआप सांपडते. शिक्षकाला यांत नवल कसलें? ज्या श्लोकाचा अन्वय रात्रीं लागत नसे, तो सकाळीं मुलांपुढें उभें राहिल्यावर लागे. कधीं कधीं बदकाच्या जागीं मी बसतों. मला बदकाइतकेंच समजतें, तरी काम भागतें.

आतां वादाचा विषय. फ्रांचेस्को चिरिलो नांवाच्या एका इटालियन विद्यार्थ्यानें १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरांतलें टोमॅटोच्या आकाराचें घड्याळ लावून अभ्यास करण्याची रीत काढली: २५ मिनिटें एकाग्रपणें काम, मग ५ मिनिटें विश्रांति. सूनबाई तीच रीत पाळते. आपल्याकडे अहोरात्राच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. बुडाशीं छिद्र असलेलें घटिकापात्र पाण्यांत बुडेपर्यंतचा तो काळ. फरक काय तो एका मिनिटाचा!

पण ती घटका आमच्या घरांत मिळेना. कानांवर हेडफोन असतात. ते बाहेरचा ध्वनि टिपून त्याच्या उलट लहरी निर्माण करतात. पंख्याची किंवा पिठाच्या गिरणीची घरघर त्यांत विरते; सासूबाईंची हांक विरत नाहीं. "मामंजी, डोक्यांत पत्त्यांचा बंगला रचलेला असतो," ती मला एकदां म्हणाली, "एक हांक आली कीं कोसळतो." हांक ऐकून ओ दिली नाहीं तर उद्दामपणा, दिली तर काम रात्रीं एक वाजेपर्यंत. गेल्या चैत्रांत चिरंजीवांनीं पुण्यास बिऱ्हाड करण्याची गोष्ट काढली. त्या रात्रीं सौभाग्यवती जेवली नाहीं. नातवंडें जिन्यावर बसून ऐकत होतीं.

मीं माडीच्या दाराला माझी जुनी पाटी टांगली आणि वर खडूनें लिहिलें, 'घटका चालूं'. सौभाग्यवतीला तें खपलें नाहीं. घरांतल्या लेकीसुनेच्या दारावर घटका कसली लिहितां, ती भरल्याचेंच मनांत येतें, असें ती म्हणाली. आणि तें रास्त होतें. मग शब्द बदलला: 'मौन, ११॥ पर्यंत'. मौन सुटल्यावर सूनबाई खालीं येते, पानें घेते, भाजी निवडते, नातवंडांचे कान धरते. पुण्याच्या बिऱ्हाडाचा विषय त्यानंतर निघालेला नाहीं. तो कायमचा मिटला असें मात्र मी म्हणत नाहीं.

परवां वाशिमहून पाहुणे आले. त्यांनीं सूनबाईची चौकशी केली तेव्हां सौभाग्यवतीनें पुढें चहा ठेवला आणि म्हणाली, "तिचें मौन आहे, साडेअकराला सुटेल."

"कसलें व्रत धरलें आहे?" पाहुण्यांनीं विचारलें.

"नोकरीचें," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा आणावयास आंत गेली.