ब्रेकचें निदान

आमचे चिरंजीव जुन्या पिकअपमधून देशावरचा कांदा कोकणांत नेतात. घाट उतरावयाचा असल्यामुळें ब्रेकची प्रकृति आम्हांस घरच्या माणसाच्या प्रकृतीइतकीच जिव्हाळ्याची वाटते. पहिली साक्ष पायच देतो. पेडल स्पंजासारखें लागलें तर बहुधा नळ्यांत हवा शिरलेली असते. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावें. तें हळूहळू खालीं जात असेल आणि बाहेर कोठेंही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचीं रबरें झिजलीं असावींत. गाडी डावीकडे ओढूं लागली तर उजवा ब्रेक नीट लागत नाहीं किंवा डावा अडकतो. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें; असें जुनें तेल लांब उतारावर तापून उकळतें आणि पेडल एकाएकीं पोकळ लागतें. म्हणून नवे लायनर आणण्यापूर्वीं तेल कधीं बदललें होतें, हें आधीं विचारावें.