आरमाराचा मतला

बुद्धिबळात खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूला काही ठरवावे लागत नाही. सोळा मोहरी परंपरेने दिलेली असतात. एक हत्ती कमी करून त्याऐवजी उंट वाढवून घेण्याची मुभा कोणालाच नसते. लहान प्रतिकृती मेजावर मांडून खेळावयाच्या अंतराळयुद्धात मात्र पहिली चाल पटाबाहेरच होते. ठरवून दिलेल्या गुणसंख्येच्या मर्यादेत कोणत्या नौका घ्यावयाच्या, किती घ्यावयाच्या आणि कोणत्या सोडावयाच्या, हे आधी निश्चित करावे लागते. त्यामुळे ‘पहिले आरमार कोणते निवडावे?’ हा प्रश्न वरकरणी खरेदीचा भासला तरी मूलतः रचनेचा आहे. जिथे प्रतिस्पर्धी तयार मिळेल असे गृहीत धरता येत नाही अशा ठिकाणी, म्हणजे अमरावती-अकोल्यासारख्या गावांत, तो नीतीचाही प्रश्न होतो.

या खेळाचे साहित्याशी असलेले नाते बरेच जुने आहे. ज्या फ्रेड जेनने १८९७ साली शुक्रावरच्या प्रवासाची विनोदी विज्ञानकादंबरी लिहिली, त्यानेच १८९८ साली आरमारी युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. जगभरच्या युद्धनौकांची त्याची सुप्रसिद्ध सूची त्याच वर्षी प्रकाशित झाली आणि आरंभी ती या खेळाला पूरकच होती. एच. जी. वेल्सने मंगळावरच्या आक्रमणाची कादंबरी लिहिली आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियमही लिहिले. कल्पित आणि नियम एकाच हातून लिहिले गेले, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. खेळाचे नियमपुस्तक ही एक अपूर्ण संहिता असते. तिच्यात पात्रांची ताकद आणि मर्यादा नोंदलेल्या असतात, शेवट तेवढा लिहिलेला नसतो.

अमरावतीत असा खेळ मांडू पाहणारा एक सेवानिवृत्त प्राध्यापक डोळ्यांसमोर आणावा. त्याचा मित्र अकोल्याचा. शंभर किलोमीटरांच्या आतले अंतर. महिन्यातून एकदा दोघांची भेट होते आणि पट मांडला जातो. परंतु बुद्धिबळात अकोलेकर नेहमी जिंकतो, आणि कित्येक वर्षांच्या एकतर्फी निकालांमुळे आता डावापेक्षा चहाचाच वेळ अधिक लांबत चालला आहे. नवा खेळ हवा आहे तो या मैत्रीसाठी. जॉन टफली यांचा, १९९०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेला ‘फुल थ्रस्ट’ हा खेळ प्राध्यापकाला सोयीचा वाटतो. त्याचे नियम प्रकाशकाने पुढे विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि अमुकच प्रतिकृती हव्यात असा आग्रह त्यांत नाही. अंतर मोजण्याचे एककही इंच किंवा सेंटिमीटर यांपैकी कोणतेही चालते. सेंटिमीटर घेतले की घरातला तक्तपोस अवकाश म्हणून पुरतो. पेनांची टोपणे, बटणे, पुठ्ठा आणि काडेपेटीच्या काड्या यांतून नौका उभ्या राहतात. तान्ह्या पोळ्याला चाकांवरचा लाकडी बैल खरा मानून त्याची ओवाळणी करणाऱ्या प्रदेशाला प्रतिकृतीचा हा संकेत नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

या खेळात दोन्ही पक्ष आपापल्या नौकांच्या आज्ञा गुप्तपणे कागदावर लिहितात, मग सर्व नौका एकाच वेळी हलविल्या जातात आणि त्यानंतर मारा होतो. आधीच्या फेरीतला वेग पुढच्या फेरीत तसाच राहतो. तो बदलावयाचा तर इंजिनाची शक्ती खर्च करावी लागते. म्हणजे प्रत्येक नौका आपला भूतकाळ बरोबर घेऊन चालते. नवख्या खेळाडूला पहिला मोह होतो तो सगळे गुण एकाच प्रचंड युद्धनौकेवर उधळण्याचा. तशा आरमारात आज्ञा एकच लिहावयाची असल्यामुळे खेळाचे मर्म हाती लागत नाही. उलट दहा-बारा लहान नौका घेतल्या, तर प्रत्येक फेरीत लिहिण्यातच वेळ जातो आणि लढाई कारकुनी होऊन बसते. एक मध्यम क्रूझर, दोन विनाशिका आणि टेहळणीची एक चपळ नौका, असे चौघांचे आरमार आरंभाला पुरेसे असते. त्यात लांब पल्ल्याचे शस्त्र एकीकडेच असावे, म्हणजे अंतर राखणे आणि अंतर तोडणे या दोन्ही गोष्टींचा अर्थ कळतो.

हे बंधन अमरावतीकराला परके वाटू नये. १९३२ साली याच गावी जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझलेचे तंत्र नवोदितांना आवर्जून शिकविले. मतल्याच्या दोन ओळींत वृत्त, यमक आणि अन्त्ययमक एकदा ठरले की पुढचा प्रत्येक शेर आशयाने स्वतंत्र असूनही त्याच जमिनीवर उभा राहतो. पहिले आरमार हा असाच मतला असतो. आरंभी जड आणि संथ नौका निवडणारा पुढे जे जे जोडील त्याला त्या संथपणाशी जुळवून घ्यावे लागते. नौका एकेक करून वाढतात, पण जमीन पहिल्या चौघींनीच निश्चित केलेली असते.

मग ही जमीन कोणाची, हा प्रश्न उरतो. याच खेळाच्या १९९८च्या आरमार-पुस्तकात भविष्यकाळातील चार प्रमुख सत्ता आहेत: एक इंग्रजीभाषक, एक जर्मन, एक फ्रान्सच्या नेतृत्वाखालची युरोपीय आणि एक रशिया-चीनची. वऱ्हाडच्या खेळाडूला त्यांत आपले म्हणावे असे काही सापडत नाही. नौकांना भगवा रंग देऊन आणि ‘गरुड’, ‘वज्र’ अशी नावे ठेवून देशीपण येते असे मानणे म्हणजे अनुवादाच्या मुखपृष्ठावर तोरण बांधण्यासारखे आहे. अकोला जिल्ह्यातल्या अडगावी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झालेली लढाई मांडायची ठरविली असती, तर सैन्य इतिहासाने दिलेले असते आणि भोसल्यांच्या बाजूने बसणाऱ्याला पराभवाची आठवणही. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगडही पडला, हे ठाऊक असलेल्याला तो पट मोकळेपणी मांडता येत नाही. अंतराळात असा वारसा नाही. तिथे सैन्य निवडणारा आपल्या निवडीला स्वतःच जबाबदार असतो.

ही जबाबदारी इथे दुप्पट होते, कारण अकोल्याच्या मित्राजवळ आरमार नाही. दोन्ही ताफे प्राध्यापकालाच बांधावयाचे आहेत. नियम त्यानेच वाचलेले आहेत. गुणांची बेरीज दोन्हीकडे सारखी ठेवूनही एका बाजूला न जुळणाऱ्या नौका कशा घालाव्यात, हे त्याला कळते. वर्षानुवर्षे हरलेल्या माणसाला हा मोह होणे अस्वाभाविक नाही, आणि तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. लेखकाच्या हाती वाचक जितका असहाय असतो, तितकाच हा पाहुणा यजमानाच्या हाती असतो. समान बेरीज म्हणजे न्याय नव्हे, हे त्याला कळणार ते चार-सहा डाव हरल्यावर, आणि तोवर त्याची खेळावरची इच्छाच उडून गेलेली असेल.

यावरचा उपाय मात्र नियमपुस्तकात शोधावा लागत नाही. शेताची वाटणी करताना ज्याने वाटे पाडले त्याने शेवटी उचलावे, हा गावाकडचा जुना न्याय आहे. दोन्ही ताफे बांधून झाले की पाहुण्याने त्यांतला एक आधी निवडावा, उरलेला यजमानाने घ्यावा. ही अट स्वतःवर घालताच प्राध्यापकाची दृष्टी बदलते. दोन्हींपैकी कोणतेही आरमार आपल्या वाट्याला येऊ शकते म्हटल्यावर प्रत्येक नौकेकडे तो शत्रूच्याही नजरेने पाहू लागतो. दुसऱ्या ताफ्यातली दुबळी विनाशिका मोडून पुन्हा बांधतो, पहिल्यातले एक शस्त्र काढून तिकडे देतो. चांगला समीक्षक ज्या मताचा प्रतिवाद करावयाचा ते आधी शक्य तितके भक्कम करून मांडतो, त्याच जातीचे हे काम आहे.

पहिले आरमार निवडण्याची रीत म्हणून एवढेच सांगता येते की, आठ नौका बांधाव्यात आणि त्यांतल्या कोणत्याही चार आपल्या नाहीत असे समजून बांधाव्यात. पाहुण्याने निवडलेल्या चार नौका खेळ संपल्यावर त्याच्याच पिशवीत अकोल्याला जाऊ द्याव्यात. पुढच्या महिन्यात तो येईल तेव्हा त्यांत त्याने स्वतः बांधलेली पाचवी असण्याचा संभव आहे, आणि तिच्याविषयी अमरावतीत कोणाला काहीच ठाऊक नसेल.