आजीचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी

मित्रांनो, फर्स्ट इयरला आपल्या सगळ्यांनाच इंजिनिअरिंग मेकॅनिक्स नावाचा विषय असतो. काहींना तो एकदाच असतो, काहींना दोन-तीनदा! त्यात एक साधा नियम आहे. वस्तूच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीतून खाली सोडलेली उभी रेघ जोपर्यंत तिच्या बेसच्या आत पडते, तोपर्यंत वस्तू उभी राहते. रेघ बाहेर गेली की वस्तू कलंडते. परीक्षेत या नियमावर ठोकळा येतो, शिडी येते, कधी वळणावरची गाडी येते. म्हातारं माणूस मात्र कधीच येत नाही. म्हणून हा लेख.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ‘माय ग्रँडमदर’ हा निबंध मी दर वर्षी लिहिला. त्यातली ग्रँडमदर खुर्चीत बसून स्वेटर विणायची. आमची खरी आजी खुर्चीत कधी बसलीच नाही. खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावी तिचं सगळं जमिनीवर. भाकरी थापायची ती खाली बसून, तूर निवडायची ती खाली बसून, जेवायचं तेही खाली. दिवसातून किती वेळा ती बसायची आणि उठायची, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पंचाहत्तरी जवळ आली तरी कापूस वेचायला शेतात जायची. आपल्या हॉस्टेलची मंडळी जिममध्ये पैसे भरून जे ‘स्क्वॉट्स’ मारतात, ते ती जन्मभर फुकटात मारत आली.

मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीत पडली. मनगट मोडलं. फोनवर म्हणाली, "काई नाई झालं वं, उगं पाय सटकला. तू आपला अभ्यास कर." दीड महिन्याने प्लॅस्टर निघालं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. घरातला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणू लागला, "तू बस, तू उठू नको." पाणी हातात, ताट हातात. प्लॅस्टिकची खुर्ची आली. शेत बंद, देऊळ बंद, शेजारच्या काकूंकडे जाणं बंद. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, सगळं प्रेमापोटीच होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा तिचं मनगट ठणठणीत होतं. पण खुर्चीतून उठताना ती दोन्ही हातांनी दांडे धरत होती, आणि उंबरा ओलांडताना भिंत.

मला कोडं पडलं. मोडलं होतं मनगट, मग पाय का गेले?

खामगावच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मोडलेल्या मनगटाला दीड महिना पुरला. न वापरलेल्या पायांना जास्त लागेल." मग त्यांनी जे समजावून सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगते.

माणूस उभा राहतो तो एका क्लोज्ड लूप सिस्टीमवर. सेन्सर तीन: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि तळपाय व सांध्यांतल्या नसा. कंट्रोलर म्हणजे मेंदू. ॲक्चुएटर म्हणजे स्नायू. आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर सतत थोडं झुलत असतं आणि सिस्टीम ते सतत दुरुस्त करत असते. विश्वास नसेल तर एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटून बघा. (रूममेटला शेजारी उभं करा!) एक सेन्सर बंद केला तर विशीतल्या माणसाची ही गत. म्हातारपणी मोतीबिंदूने डोळे अंधुक होतात, डायबेटिसने तळपाय बधिर होतात, आणि सिग्नल मिळाल्यावर पाय पुढे टाकायला वेळ लागतो. स्नायू तर तिशीनंतरच हळूहळू घटायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी एकदम उठल्यावर चक्कर आली, की रेघ बेसच्या बाहेर!

आजीला पडताना हात पुढे करायला वेळ मिळाला, म्हणून मनगटावर निभावलं. वय वाढतं तसा हा वेळही मिळेनासा होतो आणि माणूस सरळ खुब्यावर पडतं. खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको. ऑपरेशन, अंथरूण, आणि कित्येकदा ते माणूस पुन्हा पहिल्यासारखं चालतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचाच, आणि त्यात सगळ्यात जास्त प्रमाण साठीच्या पुढच्यांचं. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा. म्हणजे हा प्रश्न आमच्या एकट्या आजीचा नाही. तुमच्या विंगमधल्या प्रत्येक खोलीचा आहे.

आता गंमत बघा. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची भीती वाटते. भीतीने ते हालचाल कमी करतं. हालचाल कमी झाली की स्नायू आणखी घटतात, तोल आणखी बिघडतो, आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. यालाच आपण पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो, आणि असा लूप सिस्टीमला कुठे नेतो ते कंट्रोल सिस्टीमच्या सरांनी शिकवलंच आहे. "तू बस" हे वाक्य या लूपमध्ये घरच्यांकडून पडलेली भर असते.

मग उपाय काय? आपण शेगावकडचे लोक लगेच म्हणतो, चालायला लावा! आपल्याकडे चालण्याची परंपराच आहे. गजानन महाराजांची पालखी दर वर्षी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते आणि महिनाभर चालते. परतीच्या वेळी खामगाव ते शेगाव हा सोळा-सतरा किलोमीटरचा शेवटचा टप्पा हजारो लोक पालखीबरोबर चालतात. त्यात नऊवारी नेसलेल्या, अनवाणी चालणाऱ्या आज्या बघितल्या की आपली मान खाली जाते. मोसमातला पहिला मुसळधार पाऊस पडो की चिखल होवो, त्या चालतच असतात. पण त्यांच्याकडे बघून एक चुकीचा निष्कर्ष काढू नये. ज्यांना चालता येतं त्याच तिथे दिसतात. ज्या घरी खुर्चीत बसल्या आहेत त्या रस्त्यावर दिसत नाहीत.

शिवाय चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम असलं तरी पडणं टाळायला ते एकटं पुरेल असं समजू नये. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून केलेला एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं. मात्र हा फायदा मुख्यतः तोलाच्या आणि रोजच्या हालचालींसारख्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं त्यातून ठरलं नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला. आठवड्यातून तीन दिवस पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, आणि जोडीला चालणं. त्याने पडणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून ६५ च्या पुढच्यांना हेच सांगते: आठवड्यात निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल, आणि त्यात किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम.

आणखी एक गोष्ट वाचून मला आजीचा फार अभिमान वाटला. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून परत उठायला लावलं. एकूण गुण दहा. हाताचा किंवा गुडघ्याचा आधार घेतला की दर वेळी एक गुण कमी. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. खाली बसल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. पण खाली बसून उठता येणं ही शरीराची मोठी कमाई आहे, एवढं नक्की. आपण डायनिंग टेबल आणलं आणि पाट माळ्यावर टाकला, तेव्हा ही कमाईही माळ्यावर गेली.

असो. आता प्रॅक्टिकल. तीन प्रयोग आहेत, जर्नल लिहायची गरज नाही.

प्रयोग पहिला. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. आजी-आजोबांना खुर्चीतून उठून, नेहमीच्या वेगाने रेघेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि स्वतः शेजारी राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

प्रयोग दुसरा. घराचा सर्व्हे करा. न्हाणीत शेवाळ आहे का? साबणाच्या पाण्याने फरशीचं फ्रिक्शन किती उरतं ते आपल्याला कळतं, मग तिथे खरबरीत फरशी आणि भिंतीला पक्की दांडी का नको? टॉवेलचा रॉड म्हणजे दांडी नव्हे, तो माणसाचं वजन पेलत नाही. रात्री संडासच्या वाटेवर दिवा आहे का, आणि लाइट गेली तर उशाशी बॅटरी आहे का? चपलेला मागे पट्टा आहे का? आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर दिली आहे. टेप घेऊन गावच्या घराच्या पायऱ्या मोजा, म्हणजे आजी ओट्यावरून उतरताना का थबकते ते समजेल.

प्रयोग तिसरा, म्हणजे व्यायाम. मॅडमनी आजीला दिलेले हे आहेत: खुर्चीतून शक्यतो हात न लावता उठणं-बसणं दहा वेळा, ओट्याला धरून टाचा वर करणं, आणि भिंतीजवळ एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून उभं राहणं, पुढे तसंच चालणं. सुरुवातीला कोणीतरी जवळ हवंच, आणि ज्यांना आजार आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आजीला हे सगळं फार हास्यास्पद वाटलं. "मी काय शायेतली पोट्टी हाओ काय, पी.टी. कराले?" पण नातवंडं ओळीत उभी राहून तिच्याबरोबर टाचा वर करायला लागल्यावर तिलाच हसू आलं. आता रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी तिची पी.टी. असते. आईने भाजी निवडायचं काम तिला परत दिलंय. ती अजून पूर्वीसारखी झालेली नाही, कदाचित होणारही नाही. पण मागच्या महिन्यात ती भिंतीला हात न लावता उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि शेजारच्या काकूंकडे तासभर बसून आली. घरात कोणी "कुठे चाललीस?" असं विचारलं नाही, ही त्याहून मोठी गोष्ट.

ऑगस्ट २०२२ पासून आपल्या राज्यात पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. फार चांगली सवलत आहे. आजीला तिच्या बहिणीकडे मेहकरला जायचंय, पंचाहत्तर पूर्ण व्हायची ती वाट बघतेय. पण तिकीट माफ झालं तरी बसची पहिली पायरी ज्याची त्यालाच चढावी लागते. ती चढण्याची ताकद पायात राहावी, एवढीच या सगळ्या खटाटोपामागची इच्छा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा मळलेल्या कपड्यांच्या बॅगेत एक मेजरिंग टेपही टाका. सर आणि मॅडम, आपल्याही घरी आई-वडील असतील, तुम्हालाही ही विनंती. आजी पाणी घ्यायला उठली तर तिला बसवू नका. वाटेतली बादली बाजूला करा आणि तिला उठू द्या.