हाक आणि प्रतिसाद

अद्भुतकथेवरून सुचलेली, हॉर्न आणि मारिंबा या दोनच वाद्यांसाठीची एक रचना टॉल्किनचा एक जुना वाचक ऐकत असतो. शीर्षकाने त्याची अपेक्षा आधीच बांधून ठेवलेली असते. जे शिंग आजवर केवळ छापील शब्दांत वाजले, ते आता त्याला प्रत्यक्ष कानांनी ऐकावयाचे असते.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील बोरोमिर प्रवासाला निघताना शिंग फुंकतो. पुढे शत्रूंनी वेढला गेल्यावर तो तेच फुंकतो. परंतु अ‍ॅरागॉर्न धावत पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि शिंग दुभंगलेले असते. दूर देशी असलेल्या पित्याला व भावालाही तो नाद पुसटसा ऐकू आला होता, हे नंतर कळते. या हाकेचे वजन तिच्या स्वरात नाही. अंगठीच्या मोहाने ज्याने नुकताच फ्रोडोवर हात टाकला, तोच आता फ्रोडोच्या सोबत्यांना वाचवताना मदत मागतो आहे, या जाणिवेत ते आहे. अपराध आणि प्रायश्चित्त कथनाच्या क्रमाने त्या नादात उतरतात. एकट्या स्वराला अपराधी होता येत नाही.

म्हणूनच पहिल्या श्रवणात वाचकाची निराशा होते. १९८८ मध्ये प्रथम सादर झालेल्या योहान द मेय याच्या वाद्यवृंदसिंफनीत गॉलमसाठी सोप्रानो सॅक्सोफोन योजला आहे. तेथे निदान पात्र ओळखता येते. येथे मात्र कोण हाक मारतो आणि कोणासाठी, हे कळण्यास मार्ग नाही.

परंतु पुन्हा ऐकताना त्याचे लक्ष शीर्षकावरून वाद्यांकडे वळते. हॉर्नचा स्वर श्वासावर चालतो. वादकाने मुखात हात खोल सारला की तोच स्वर दूरवरून आल्यासारखा भासतो. बेंजामिन ब्रिटनने १९४३ च्या 'सेरेनेड'मध्ये अखेरचे हॉर्नवादन रंगमंचाबाहेरून योजले, तेही याच दूरत्वासाठी. मारिंबाच्या लाकडी पट्टीवरील आघात मात्र उमटताक्षणी विरू लागतो. स्वर लांबवायचा तर त्याच पट्टीवर पुनःपुन्हा, जलद आघात करावे लागतात. तेथील सातत्य हा वस्तुतः सततच्या विरण्यावर रचलेला भास असतो. हॉर्नने ताणून धरलेल्या हाकेला मारिंबा उत्तर देऊ पाहतो, आणि प्रत्येक उत्तर पोहोचता पोहोचता संपते.

कादंबरीत अ‍ॅरागॉर्न धावतो, त्या धावण्याला वाक्ये लागतात आणि वाक्यांना वेळ. तेवढ्या वेळात हाक थांबलेली असते. संहितेतील हा उशीर वाचकाला आजवर घटनेचा भाग वाटत होता. आता तो त्याला कथनाच्या स्वभावातच दिसू लागतो. शब्द नादाच्या मागून येतो. संगीताने कथेचे भाषांतर केलेले नसते. तिच्यातील एक अंतर तेवढे ऐकू येईल असे केलेले असते. तो अर्थ त्या स्वरांत होता की वाचनाच्या स्मृतीने त्यांवर लादला, हा प्रश्न मात्र उरतोच. कादंबरी न वाचलेल्या श्रोत्याला कदाचित केवळ दोन वाद्यांचा संवाद ऐकू येईल, आणि त्याचे ऐकणे चुकीचे ठरवता येणार नाही.

रचना संपल्यावर वाचक ते प्रकरण पुन्हा काढतो. शिंग वाजल्याच्या वाक्यापाशी तो या वेळी थांबत नाही. त्यानंतरची वाक्ये मोजीत, सावकाश वाचत जातो.