यजमानांच्या घरी

रोटरीच्या ग्रुप स्टडी एक्स्चेंजमधून आम्ही चौघं आणि टीमलीडर अमेरिकेला गेलो, ते दिवस आज सारखे आठवताहेत. हॉटेल नाहीच, दर काही दिवसांनी नवं घर, नवे यजमान. दिवसा शाळा, इस्पितळं, कारखाने बघायचे. संध्याकाळी क्लबात आपल्या गावाविषयी बोलायचं.

मी नववर्ष स्वागतयात्रेबद्दल सांगितलं. १९९९ साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने ती सुरू झाली, मग ठाण्यासह गावोगावी पोचली. त्या रात्री यजमान आजींनी माझं लेझीम हातात घेतलं. साखळी ताणली, चकत्या खुळखुळल्या, आणि गुडघेदुखी विसरून त्या दिवाणखान्यातच चार पावलं नाचल्या! दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर मी पुरण वाटलं, त्यांनी पोळ्या लाटल्या. वेड्यावाकड्याच झाल्या, पण सगळ्यांनी मागून मागून खाल्ल्या. टूर कंपनीबरोबर हे मिळणं शक्य नाही, असं माझं ठाम मत आहे.

१९६५ मध्ये सुरू झालेली ही योजना रोटरीने २०१३ मध्ये बंद केली. फार वाईट वाटतं. डोंबिवलीकरांनो, ठाणेकरांनो, यंदा पाडव्याला एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला घरी उतरवून घ्या. वन बीएचकेतही जागा होते.