निकालापूर्वीचा पुरावा

मोटार सुरू होत नाही असे दिसताच तिच्याभोवती जमणारी मंडळी आणि फौजदारी कोर्टाच्या आवारात जमणारी मंडळी यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. पुरावा पुढे येण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. 'बॅटरी गेली' हा पहिला निकाल, 'पेट्रोल संपले असेल' हा दुसरा, आणि 'ढकला' ही शिक्षा!

आश्विनातील एका अष्टमीस धारेत हा प्रसंग आमच्यावर आला. आमच्या आत्याबाई ८४ वर्षांच्या. पुढील आठवड्यात त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरलेली. तत्पूर्वी देवासच्या टेकडीवरील तुळजाभवानीची ओटी भरावयाची, हा त्यांचा एकच आग्रह. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला होता. म्हणून 'पुन्हा केव्हातरी' हे शब्द घरात कोणी उच्चारीत नव्हते. इंदुरावरून सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता. आणि मोटार मात्र किल्ली फिरविताच 'कट्' असा एक आवाज करून गप्प.

शेजाऱ्यांनी बाह्या सारल्या. आत्याबाई ओटीचे ताट मांडीवर घेऊन आत बसलेल्या; त्या दुखऱ्या खुब्यास धक्के सोसणारे नव्हते. आम्ही मंडळींस थांबविले व एकेक साक्षीदार तपासावयास घेतला.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असते तर पेट्रोल व ठिणगी यांवर संशय घ्यावयाचा. येथे ते फिरतच नव्हते; तेव्हा ती दोघे तूर्त सुटली. दिवे लावले, ते लख्ख लागले. किल्ली फिरविताच मात्र मालवल्यासारखे झाले. म्हणजे एक तर बॅटरीत जीव नाही, किंवा आहे तो वाटेत अडतो. हॉर्न खणखणीत वाजला. संशय वाटेवर आला. झाकण उघडून पाहतो तो एका टोकावर पांढरट हिरवा थर साचलेला, आणि तारेची पकड बोटाने फिरत होती. आधी ऋण टोकाची तार सोडविली, मग धन टोकाची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून थर धुतला, कोरडा पुसला, काचकागदाने घासला. उलट क्रमाने तारा जोडून पाना आवळला. मोटार पहिल्याच फेऱ्यास बोलली!

दोन्ही टोके शाबूत, बिघाड तेवढा जोडात. देवासच्या वाटेवर हे मनात घोळणे साहजिकच होते. तेथे १९४८ पर्यंत एका गावात थोरली पाती व धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या होत्या. टेकडीवरही तुळजाभवानी व चामुंडा या बहिणीच नांदतात. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांच्या पदरी १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खाजगी चिटणीस होते. बागा, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर यांच्यासोबत संस्थानच्या मोटारीही त्यांच्याच देखरेखीखाली! १९५३ साली त्यांनी तेथल्या आठवणींचे पुस्तक काढले, त्याचे नाव याच टेकडीवरून ठेवले.

ओटी भरून झाल्यावर आम्ही विचारले, "आत्याबाई, काय मागितलेत?"

"मागायचे काय रे? पोचले, तेवढे पुरे."

पुढील आठवड्यात याच मोटारीने त्या इंदुरास इस्पितळात गेल्या. आम्ही किल्ली फिरविली तेव्हा त्यांनी मागे हात जोडले. आम्ही तारांचे जोड पहाटेच पाहून ठेवले होते.