फासा तिचा, हात माझा

आमच्या सापशिडीच्या पटावर ९८ च्या घरात सापाचं तोंड आहे आणि शेपटी पार २८ वर उतरते. धाकटीची सोंगटी ९३ वर होती. तिला पाच पडले. तिच्या आधी मीच हात घातला, भराभर घरं मोजली आणि सोंगटी ९९ वर नेऊन ठेवली. ती पटाकडे बघत राहिली. मग एकेका घरावर बोट ठेवत तिने ९३ पासून पुन्हा मोजलं.

“बाबा, पाच पडले होते. तू सहा चाललास.”

“असू दे गं, चुकून झालं.”

“मागच्या वेळी पण चुकूनच झालं होतं?”

ती साडेपाच वर्षांची आहे. मला उत्तर देता आलं नाही, कारण जवळजवळ वर्षभर मी हेच करत होतो. कधी एखादं घर जास्त मोजायचं, कधी पटाच्या कडेला टेकलेला फासा सरळ करताना हलकेच कलता करायचा. ती जिंकली की टाळ्या वाजवायची, आणि त्या टाळ्यांसाठी मी खोटं खेळत होतो.

याचं मूळ थोरल्याशी केलेल्या चुकीत आहे. तो सहा वर्षांचा असताना मी व्यापाराचा डाव आणला. खोक्यावर आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी असं लिहिलं होतं. माझा मुलगा हुशार आहे म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. त्याला नोटांच्या रंगांत आणि मुंबई-दिल्लीच्या कार्डांत रस होता, मला भाड्यात. दीड तास मी एकेक नियम काटेकोर पाळून त्याच्याकडून पैसे वसूल करत राहिलो. शेवटची नोट गेली तेव्हा तो रडायला लागला आणि मी म्हणालो, “रडीचा डाव खडी!” माझ्या लहानपणी गल्लीत हे मलाही ऐकावं लागलं होतं. पण तिथे ते बरोबरीची पोरं म्हणायची. इथे म्हणणारा त्याचा बाप होता. त्यानंतर कित्येक महिने तो कोणत्याही पटापाशी बसला नाही. धाकटीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि दुसऱ्या टोकाला गेलो.

मधल्या काळात लुडोही होता. त्यात सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण १६ टक्के असते. म्हणजे चौघं खेळत असतील, तर साधारण दर दोन डावांत एकदा कुणीतरी दहा फेऱ्या नुसतं बसून राहणार. मोठ्या माणसाला ते काहीच वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलीला दहा फेऱ्या म्हणजे अख्खी संध्याकाळ. ती चुळबुळ करायला लागली की मी माहिती सांगायचो: हा आपल्याच पचिसीवरून झालेला खेळ, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात त्याचं पेटंट घेतलं, सापशिडीही आपली, जुन्या मोक्षपटांवर घराघरांत पापपुण्य लिहिलेलं असायचं. सगळं खरं होतं. तिच्या मुठीत मात्र फासा घामेजला होता आणि तिला फक्त तो टाकायचा होता.

आणि ते मोजणं. आपल्या सापशिडीत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, ११ पासून उलटी वळते. त्या वळणावर लहान मुलं हमखास अडखळतात. ती अडखळली की मी लगेच सोंगटी उचलायचो. खेळ रेंगाळू नये, एवढाच माझा विचार. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांचा २००८ चा अभ्यास मी नंतर वाचला. आकड्यांच्या सरळ पटावर मुलांनी सोंगटी पुढे नेताना घरांवरचे आकडे मोठ्याने म्हटले, तर अवघ्या चार बैठकांत त्यांची आकड्यांची समज वाढते, असं त्यांना आढळलं होतं. मी मात्र तिचा आकडाही घेत होतो आणि सोंगटीही. तरी ती मोजायला शिकली, आणि शिकल्यावर पहिल्यांदा तिने माझीच चोरी पकडली.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मग कच्चं लिंबू करायचं होतंस तिला. आम्ही नव्हतो का करत?”

करायचे. लंगडी असो, पकडापकडी असो, धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. हे सगळ्यांदेखत ठरायचं, त्या भावंडालाही ठाऊक असायचं. त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. मी तीच सवलत तिच्या पाठीमागे दिली होती, आणि तिच्या सगळ्या विजयांवर आता तिचाच विश्वास उरला नव्हता. “मी खरी कितीदा जिंकले?” असं तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. मी खरं सांगितलं की मला माहीत नाही, मी मोजलंच नाही. चुकलो, असंही म्हणालो. ती रडली नाही. थोरला शेजारीच होता. त्याच्याकडे बघून व्यापाराचं तेव्हाच बोलायला हवं होतं. ते मी आठवड्याने बोललो.

नंतरच्या रविवारी मी विचारलं, “कच्चं लिंबू व्हायचंय का? मोठ्या सापाची तुला सूट.” ती म्हणाली, “नको. आजीला करा, तिला लांबचे आकडे दिसत नाहीत.” आईने ते आनंदाने घेतलं.

त्या डावात धाकटीला खरोखरच ९८ वरच्या सापाने गिळलं. ओठ थरथरले. मी गप्प बसलो, हात मांडीवर. तिने सोंगटी सापाच्या अंगावरून सावकाश, वळणावळणाने २८ वर आणली आणि फासा पुढच्याला दिला.

अजूनही तिच्या पाळीला माझा हात सवयीने पटाकडे जातो. ती मान वर न करता म्हणते, “बाबा, हात मागे.” आणि माझी पाळी आली की ती माझी घरं मोजते.